मोठी डिकी आणि चांगलं ॲव्हरेज: स्टेशन वॅगनचं काम करणारी गाडी कशी निवडायची

मारुतीच्या सात-सीटर एर्टिगाची तिसरी रांग उभी असेल तर मागे २०९ लिटर जागा उरते. विमानात हातात धरून नेतो तसल्या दोन बॅगा, वर एखादी कापडी पिशवी, की डिकी भरली. तीच रांग पाडली तर जागा होते ५५० लिटर. मग दोन-तीन मोठ्या सुटकेस, पाण्याचा जार आणि आजीची घडीची खुर्ची सगळं आत जातं. गाडी तीच, इंजिन तेच, फक्त एक पट्टा ओढायचा. ज्या गाडीला जगात स्टेशन वॅगन म्हणतात ती ही सोय कारखान्यातूनच घेऊन येते. पाच माणसं ऐसपैस बसतात, मागे भरपूर सामान राहतं आणि उंची मात्र साध्या सेदानएवढीच असते.

आपल्याकडे सामान्य घराला परवडेल अशी नवी स्टेशन वॅगन आज विकत मिळत नाही. अलीकडे आल्या त्या व्होल्वो, ऑडी वगैरेंच्या, आणि त्यांच्या किमतीत फ्लॅट यायचा. म्हणून खरा प्रश्न असा आहे की वॅगनचं काम आपल्याकडच्या कुठल्या गाडीकडून करून घ्यायचं, आणि त्यात तेल कमीत कमी कसं जाळायचं. त्याचं उत्तर ब्रोशरवरच्या ॲव्हरेजच्या आकड्यात सापडत नाही. आधी माणसं आणि सामान मोजावं लागतं, मग रस्ता पाहावा लागतो, आणि इंधनाची निवड त्यानंतर येते. बहुतेक जण नेमकं उलट करतात. आधी ‘सीएनजीच घ्यायची’ असं ठरतं, आणि डिकीत सिलेंडर आहे हे गणपतीला गावी निघायच्या दिवशी लक्षात येतं.

वॅगन आपल्याकडून गेली कशी

एके काळी वॅगन होत्या, आणि त्यातल्या महत्त्वाच्या तर पुण्याच्याच. १९९२ साली टाटा इस्टेट आली. नंतरच्या वर्षांत मारुतीची बलेनो अल्टुरा, फियाटची सिएना वीकेंड, स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी आणि २००४ मध्ये टाटाची इंडिगो मरिना आली. ‘मागून रुग्णवाहिकेसारखी दिसते’ हा आपल्या लोकांचा आक्षेप होताच. पण खरा घाव घातला तो कराने. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ वर आलं. त्या दिवसापासून भारतात गाडीची प्रत्येक सेंटीमीटर लांबी महाग झाली. टाटांनी इंडिगोचं शेपूट कापून २००८ मध्ये चार मीटरच्या आत बसणारी इंडिगो सीएस काढली. वॅगनचा तर सगळा जीवच लांबीत. शेपूट कापलं की तिची हॅचबॅक होते.

ती जागा उंच गाड्यांनी घेतली. लांबी वाढवता येत नसेल किंवा परवडत नसेल तर उंची वाढवा, म्हणजे माणसं ताठ बसतात आणि कमी लांबीत जास्त मावतात. रेनोची ट्रायबर चार मीटरच्या आत तीन रांगा बसवते ती याच युक्तीने. या उंचीचं बिल कुठे भरावं लागतं ते पुढे पाहू.

पेट्रोल जातं कुठे

गाडी तीन गोष्टींवर इंधन खर्च करते. वारा कापायला, वजन हलवायला, आणि उभी असताना काहीच न करायला. तिन्हींचा ढोबळ हिशोब मांडला की निवड सोपी होते.

एक लिटर पेट्रोलमधली सगळी ऊर्जा चाकापर्यंत पोचत नाही. दोन तृतीयांशाहून जास्त उष्णता होऊन रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. हायवेवर बऱ्या चालणाऱ्या इंजिनात लिटरमागे सुमारे ९ मेगाज्यूल चाकाला मिळतात असं धरू. गाडी एर्टिगासारखी उंच सात-सीटर, माणसं-सामानासकट १७०० किलो धरू.

आता वारा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर वेग सव्वापट होतो, पण वाऱ्याचा जोर दीडपटीहून अधिक वाढतो. वरची उंच सात-सीटर सपाट रस्त्यावर ८० ने एकसारखी चालवली तर १०० किलोमीटरला साधारण ४.४ लिटर लागतात, म्हणजे लिटरला २३ च्या आसपास. १०० च्या वेगाला ५.८ लिटर, म्हणजे १७. समृद्धीवर परवानगी आहे म्हणून १२० धरलेत तर साडेसात लिटर, म्हणजे १३. ‘एवढा गुळगुळीत रस्ता, तरी ॲव्हरेज पडलं’ या तक्रारीत गाडीचा दोष शोधण्यात अर्थ नाही.

वॅगनची कमाई इथेच आहे. वारा कापताना दोन गोष्टी बघितल्या जातात, समोरून दिसणारं क्षेत्रफळ आणि आकाराचा निसरडेपणा. आजच्या ऑक्टाव्हिया कॉम्बीची उंची दीड मीटरच्याही आत आहे आणि तिचा वातरोधाचा गुणांक (जितका कमी तितका आकार निसरडा) ०.२६ आहे. एर्टिगाची उंची १६९० मिलिमीटर. वॅगनचं लांब, हळूहळू उतरत जाणारं छत मागची हवा शांतपणे सोडतं, तर उंच गाडीच्या मागे हवेचे भोवरे मोठे होतात आणि तेच गाडीला मागे खेचतात. १०० च्या वेगाला, वर धरलेल्या आकड्यांवर, वॅगनला त्याच शंभर किलोमीटरला साडेचार लिटर पुरतात. म्हणजे नुसत्या आकाराने सव्वा लिटर वाचतं. शहरात मात्र ४० च्या वेगाला हा फरक जवळपास नाहीसा होतो.

मग वजन. मुंबईहून पुण्याला येताना खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. १७०० किलो एवढे वर न्यायला जवळपास एक लिटर पेट्रोल लागतं. हे सपाट रस्त्याच्या खर्चावर वेगळं. परतीच्या उतारावर गिअरमध्ये असताना इंजेक्टर (इंजिनात इंधन सोडणारे) बंद राहतात, त्यामुळे थोडं वसूल होतं. (न्यूट्रलवर उतरवणाऱ्यांचं काहीच वसूल होत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहायला पेट्रोल लागतंच, आणि ब्रेक तापतात ते वेगळं.) गंमत अशी की सीएनजीचं ७०-८० किलो जादा वजन घाटात फक्त ४५ मिलिलिटरच्या आसपास खातं. चहाचा अर्धा कप. म्हणजे हायवेवर थोड्या वजनाला घाबरायचं कारण नाही.

वजन छळतं ते सिग्नलवर. १७०० किलोची गाडी थांबलेल्या स्थितीतून ५० च्या वेगाला न्यायला १८ मिलिलिटर लागतात, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक मारला की ते सगळं ब्रेक पॅडच्या उष्णतेत जातं. शहरात इंजिन हायवेइतकं कार्यक्षम चालत नाही, म्हणून चाळीस-पंचेचाळीस थांब्यांत एक लिटर गेलं समजा. त्यात नुसतं उभं राहण्याचा खर्च, तासाला पाऊण लिटरच्या घरात.

एसीबद्दलचा गैरसमजही इथेच मिटवू. एसीचा खर्च तासाला लागतो, किलोमीटरला नाही. कॉम्प्रेसर तासाला सुमारे अर्धा ते पाऊण लिटर खातो. त्या तासात हिंजवडीच्या कोंडीत तुम्ही १५ किलोमीटर गेलात तर ॲव्हरेज कोसळतं. एक्स्प्रेसवेवर ९० गेलात तर फरक बराच कमी होतो. आणि हायवेवर एसी बंद करून काचा खाली केल्या तर जे वाचतं त्यातलं बरंचसं वारा परत घेतो.

ब्रोशरवरचा आकडा कसा वाचायचा

एर्टिगा पेट्रोल मॅन्युअलचा जाहीर आकडा लिटरला २०.५१, सीएनजीचा किलोला २६.११. कियाच्या कॅरेन्स डिझेल मॅन्युअलचा २१.३. टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉस हायब्रिडचा (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्ही असलेली) २३.२४. ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे चालवतात, आणि त्यात सर्वाधिक वेग ९० पर्यंतच जातो. वर पाहिलंत की वारा ९० च्या पुढेच खरा त्रास देतो आणि एसी कोंडीत. चाचणीत हे दोन्ही जवळजवळ नाहीत. म्हणून जाहीर आकड्याचे ७० टक्के धरून हिशोब करा. हायब्रिड शहरात याहून बरी उतरते आणि भरधाव हायवेवर तिची मिजास कमी होते.

आणखी एक चकवा. एक गाडी १० ची १२ झाली आणि दुसरी २० ची २४ झाली, तर दोन्ही २० टक्क्यांनी सुधारल्या. पण १०० किलोमीटरला पहिलीने १.६७ लिटर वाचवले आणि दुसरीने फक्त ०.८३. युरोपात ‘शंभर किलोमीटरला किती लिटर’ असं मोजतात ते यासाठीच. पैसे लिटरला मोजायचे असतात. १०० ला ॲव्हरेजने भागा, तो आकडा मिळतो. खादाड गाडी थोडी सुधारली तरी खिशाला जास्त कळतं, आणि २२ ची गाडी सोडून २४ ची घेण्यासाठी लाखभर जास्त मोजले तर ते वसूल व्हायला वर्षानुवर्षं लागतात.

त्यात आता सगळीकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ॲव्हरेज आपोआप घटतं. जुन्या आकड्यांशी तुलना करताना हे वजा करा.

सीएनजी: किलो म्हणजे लिटर नव्हे

‘२६ चं ॲव्हरेज’ ऐकून इंजिन गॅसवर जास्त चांगलं चालतं असं वाटतं. तसं नाही. एक किलो सीएनजीमध्ये साधारण दीड लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा असते. त्या हिशोबाने २०.५१ ची गाडी गॅसवर किलोला तिशीत जायला हवी होती. ती २६ देते, म्हणजे इंजिन गॅसवर थोडं मागेच पडतं. गॅस हवेची जागा अडवतो, इंजिनाच्या सिलेंडरमध्ये तेवढी हवा कमी शिरते आणि ताकद उतरते. एर्टिगा पेट्रोलवर सुमारे १०३ पीएस आणि सीएनजीवर ८८ पीएस देते. सीएनजी स्वस्त पडते ती निव्वळ भावामुळे.

भाव बदलतात, म्हणून पद्धत लक्षात ठेवा आणि तुमच्या पंपावरचा दर घाला. पेट्रोल १०४ रुपये आणि प्रत्यक्षात १४ चं ॲव्हरेज धरलं तर किलोमीटरला ७.४० रुपये. सीएनजी ८० रुपये आणि किलोला २० धरलं तर ४ रुपये. फरक ३.४० चा. सीएनजी मॉडेलसाठी जादा मोजायचे साधारण ९५ हजार, ते वसूल व्हायला २८ हजार किलोमीटर लागतात. रोज ऑफिसला नेणाऱ्याचे दोन वर्षांत फिटतात. फक्त शनिवार-रविवारी बाहेर काढणाऱ्याचं वर्षाला ५ हजार किलोमीटर होत असेल तर साडेपाच वर्षं, आणि तोवर डिकी नाही.

डिकीचं खरंच पाहून घ्या. एर्टिगाचा सिलेंडर तिसऱ्या रांगेमागे, म्हणजे नेमका सामानाच्या जागी बसतो. तिसरी रांग पाडली तरी तो तिथेच राहतो, सपाट लांब फरशी मिळत नाही. सात माणसांची सीएनजी गाडी म्हणजे सात माणसं आणि मांडीवर सामान. दोन माणसं आणि दोन मुलं असा संसार असेल तर मात्र तिसऱ्या रांगेची जागा सामानाला देऊन हे जमतं.

सिलेंडरची पाण्याची क्षमता ६० लिटर. २०० बार दाबाला त्यात कागदोपत्री साडेनऊ-दहा किलो बसायला हवेत, पण पंपावर आठ-नऊच भरतात. कारण गॅस वेगाने भरताना सिलेंडरमध्ये तापतो, तापला की फुगतो, आणि ठरलेला दाब लवकर गाठून नोझल थांबतो. एप्रिलच्या दुपारी, रांगेत उभ्या तापलेल्या गाडीत अजून कमी. सकाळी लवकर भरा, अर्धा-पाऊण किलो जास्त मिळाल्याचं दिसेल. एकदा भरल्यावर दीडशे ते पावणेदोनशे किलोमीटर चालतं. मुंबई-पुणे एका बाजूचा प्रवास होतो. कोकणात किंवा आतल्या तालुक्यात जायचं असेल तर वाटेतले पंप आधी शोधून ठेवा आणि पेट्रोलची टाकी निम्मी तरी भरलेली असू द्या. पेट्रोल महिनोन् महिने न वापरता ठेवू नका. गाडी सुरूच पेट्रोलवर होते, आणि जुनं झालेलं पेट्रोल इंजेक्टर चिकटवतं.

घाटात भरलेली गाडी गॅसवर दम टाकते तेव्हा अभिमान बाजूला ठेवून बटण दाबा, पेट्रोलवर चढवा. एक लिटर जाईल, पण ट्रकच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रखडणं टळेल. आणि सिलेंडरची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख उलटली तर पंपावरचा माणूस गॅस भरायला नकार देऊ शकतो, आणि तो बरोबर असतो. बाहेरून किट बसवत असाल तर मान्यताप्राप्तच घ्या आणि आरसी व विमा, दोन्हीवर नोंद करा. विम्यावर नोंद राहिली तर अपघातात दावा अडकतो.

डिझेल आणि हायब्रिड

डिझेल एर्टिगा २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक नियमांबरोबर बंद झाली. या वर्गात कॅरेन्ससारख्या थोड्याच गाड्यांत डिझेल उरलंय. लांब हायवे, पूर्ण भरलेली गाडी, घाट, असं ज्याचं नेहमीचं आहे त्याच्यासाठी डिझेलसारखं सुख नाही. कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, ओढ असते, त्यामुळे भार वाढला तरी ॲव्हरेज फार ढासळत नाही.

पण बीएस-६ डिझेल शाळा-बाजार-ऑफिस अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांसाठी घेऊ नका. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी स्वतःच जादा डिझेल सोडून, सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून काजळी जाळते. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं साठच्या वर एकसारखी गाडी चालावी लागते. तुम्ही मध्येच घरी पोचून चावी काढली की ते काम अर्धवट राहतं आणि न जळलेलं डिझेल इंजिनाच्या सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसलं आणि त्याला डिझेलचा वास आला, तर ‘ऑइल वाढलंय, चांगलंच आहे’ असं समजू नका. ते पातळ झालंय, बदला. जुनी डिझेल गाडी बघायला गेलात तर आधी डिपस्टिक काढा. विकणारा काहीही सांगो, डिपस्टिक खोटं बोलत नाही.

हायब्रिडची युक्ती सिग्नलवर आहे. वर ब्रेकमध्ये जळून गेलेले ते १८ मिलिलिटर आठवा. हायब्रिड ब्रेक मारताना मोटरचा जनरेटर करते, त्यातला मोठा भाग बॅटरीत भरते आणि पुन्हा सुटताना वापरते. उभी असताना इंजिन बंद असतं. म्हणून मुंबईच्या कोंडीत तिचा आकडा बघून लोक थक्क होतात. हायक्रॉससारख्या मोठ्या गाडीत हायब्रिड आणि साधं पेट्रोल यांच्या किमतीत पाच लाखांचा फरक धरला, आणि साधी ११ तर हायब्रिड १७ देते असं मानलं, तर किलोमीटरला ३.३० रुपये वाचतात. पाच लाख वसूल व्हायला दीड लाख किलोमीटर. टॅक्सीवाल्याला हे गणित बसतं. घरगुती वापरात शांतता, ऑटोमॅटिकचं सुख आणि बॅटरीवरची ८ वर्षांची वॉरंटी हवी म्हणून घ्या, पण ‘पेट्रोल वाचतंय’ हे कारण बायकोला सांगू नका. ती हिशोब करेल.

कॅरिअर नावाचा चोर

सात माणसं बसली, २०९ लिटर भरली, उरलेल्या बॅगा गेल्या छतावर. मीटरभर रुंद, दीड फूट उंच ताडपत्रीचं गाठोडं १०० च्या वेगाला इतकं वारं अडवतं की शंभर किलोमीटरला दीड लिटर जादा जातं. १७ ची गाडी १४ वर येते. म्हणजे शोरूममध्ये सहा महिने घासाघीस करून जे ॲव्हरेज मिळवलं ते दोरीने बांधून वर ठेवलं. वर्षातून एकदाच गावी जायचं असेल तर त्या दिवशी होऊ द्या, पण रिकामं कॅरिअर वर्षभर मिरवू नका. तेही वारा अडवतं.

यावरून गाडीचा आकार ठरवायचा सोपा नियम निघतो. गेल्या वर्षात तिसऱ्या रांगेत माणूस किती दिवस बसला ते मोजा. दहा दिवसांच्या आत असेल तर सात-सीटर ही तुमच्यासाठी वॅगन आहे: रांग पाडून ठेवा, पेट्रोल मॉडेल घ्या, फरशी मोकळी ठेवा. ट्रायबरमध्ये तर तिसऱ्या रांगेच्या सीट काढून घरीच ठेवता येतात आणि ६२५ लिटर मिळतात. फक्त तिचं एक लिटरचं छोटं इंजिन भरल्या गाडीने घाटात घामाघूम होतं. महिन्याला चार वेळा सात माणसं जात असतील तर हायक्रॉससारखी खरोखर मोठी गाडी लागते, मधल्या गाड्या माणसं आणि सामान यांपैकी एकालाच न्याय देतात.

सामान भरताना जड बॅग खाली आणि सीटच्या पाठीला टेकून. वॅगन किंवा एमपीव्हीत (एर्टिगासारख्या उंच, तीन रांगांच्या गाडीत) डिकी आणि माणसं यांच्यामध्ये भिंत नसते. अचानक ब्रेक लागला की वर ठेवलेला मिक्सर मानेवर येतो. हवेचा दाब ड्रायव्हरच्या दारालगतच्या स्टिकरवर दोन रकान्यांत असतो. भरलेल्या गाडीला मागच्या टायरचा वेगळा, जास्त दाब दिलेला असतो, तो रकाना बहुतेक कोणी वाचत नाही. टायर थंड असताना भरा.

परदेशात असाल तर

जर्मनी, नेदरलँड्स किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांना खरी वॅगन सहज मिळते. जर्मनीत तिला कॉम्बी म्हणतात, इंग्लंडमध्ये इस्टेट. कोरोला टूरिंग स्पोर्ट्स १.८ हायब्रिडमध्ये ५९६ लिटर डिकी आहे आणि ती शंभर किलोमीटरला पाच लिटरच्या आतबाहेर खेळते. २.० घेतली की डिकी ५८१ होते. ऑक्टाव्हिया कॉम्बीत ६४० लिटर. शहर आणि उपनगर असेल तर कोरोला. दर आठवड्याला ऑटोबानवर १३० ने दोन-तीनशे किलोमीटर असतील तर ऑक्टाव्हियाचं डिझेल. त्या वेगाला ब्रेक फारसे लागतच नाहीत, तेव्हा हायब्रिडला परत मिळवायला काही उरत नाही. प्लग-इन हायब्रिडच्या कागदावर लिहिलेले एक-दीड लिटरचे आकडे घरी चार्जर असेल तरच खरे मानायचे, नाहीतर बॅटरी-मोटरचं जादा वजन ओझ्यासारखं वाहून न्यायचं. अमेरिकेत वॅगन दुर्मीळ झाल्यात. जुन्या बाजारात २०१२ ते २०१७ ची प्रियस व्ही शोधा, गॅलनला ४० मैलांच्या वर जाते. इंग्लंड आणि अमेरिकेतले आकडे शेजारी ठेवताना जपा. इंग्लंडचा गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकेचा पावणेचारचा. लिटरला १ किलोमीटर म्हणजे गॅलनला अमेरिकेत २.३५ आणि इंग्लंडमध्ये २.८२ मैल.

घेण्याआधी

टेस्ट ड्राइव्हला एकट्याने जाऊ नका. घरातली चार-पाच माणसं आणि तुमची खरी सुटकेस घेऊन जा. सेल्समन तोंड वाकडं करेल, करू दे. सुटकेस डिकीत आडवी जाते का, दार टेकतं का, डिकीचा उंबरठा किती उंच आहे ते बघा. साठीच्या माणसाला वीस किलोची बॅग कमरेच्या वर उचलायला लावणारी डिकी कितीही लिटरची असली तरी निरुपयोगी. मग एसी लावून एखाद्या चढावर न्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये २० च्या वेगापासून हळूच ॲक्सिलरेटर द्या. गाडी न धडधडता उचलली तर रोजच्या वापरात इंजिनाला पिळावं लागणार नाही. सारखं पहिल्यात यावं लागलं तर ब्रोशरमधलं ॲव्हरेज विसरा.

जुनी अल्टुरा, मरिना किंवा ऑक्टाव्हिया कॉम्बी हौसेने घेणारेही आहेत. इंजिन, क्लच, ब्रेकचे बरेच भाग त्यांच्या सेदान भावंडांशी जुळतात. अडतं ते मागच्या भागावर: डिकीची काच, टेल लॅम्प, मागचं दार उचलून धरणारे गॅसचे दांडे, मागच्या बंपरची पट्टी. हे फक्त वॅगनलाच लागतं, म्हणून गाडी बघताना पुढचं बॉनेट नंतर उघडा, आधी मागची काच आणि दिवे तपासा. १५ वर्षं झालेल्या गाडीला नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर लागतो, तो किमतीत धरूनच बोली लावा.

गाडी घरी आली की तिच्या स्क्रीनवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, तो बहुधा पाच-दहा टक्के गोड असतो. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहून ठेवा, किमान तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलवर पुन्हा तसंच भरा. ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ असं विचारलं तर नको म्हणा. वरून ओतलेलं अर्धा लिटरही हिशोब बिघडवतं. किलोमीटरला लिटरने भागा. असं तीन वेळा करून सरासरी काढा. सीएनजीत लिटरऐवजी पावतीवरचे किलो घ्या, आणि दोन्ही वेळा भरताना वेळ साधारण तीच असू द्या.